मापाचा कागद मागा!

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक नेहमीप्रमाणे देवळाच्या ओट्यावर भरली होती. बचतीचे पैसे गोळा झाले, मागच्या कर्जाचे हप्ते लिहून झाले. मग एक मैत्रीण पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "ताई, मला चाळीस हजार पाहिजेत. ट्रॅक्टरचं इंजिन खोललंय. आधी हाफ इंजिन म्हणत होते, आता मिस्त्री म्हणतो फुल करावं लागंल."

मी वहीतून मान वर केली आणि विचारलं, "मेन बेअरिंगच्या बोअरची मापं घेतली का?"

क्षणभर शांतता. मग अख्खा ओटा हसला. "अगं बाई, ताई कधीपासून मिस्त्री झाल्या?" मीही हसले. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. दोन पाटल्या गहाण टाकून शिकलेला प्रश्न आहे तो!

मी कला शाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. केलं. लग्न होऊन श्रीगोंदा तालुक्यात आले ती ऊस, लिंबू आणि कांद्याच्या घरात. इथं कुकडीचं आणि घोडचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर दारात उभा असतो, पण त्याचं पोट उघडलं की आम्ही बायका आपोआप लांब होतो. तो पुरुषांचा प्रांत. आपलं काम चहा पाठवायचं, आणि पैसे कमी पडले की कपाटाची किल्ली द्यायची.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन धूर टाकायला लागलं, ऑइल खायला लागलं. गळीत हंगामाच्या आधी काम उरकायचं म्हणून ह्यांनी ते खोलायला दिलं. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हाफ इंजिन म्हणजे वरचं काम. हेड, लाइनर, पिस्टन, रिंगा. फुल इंजिन म्हणजे खालचा क्रँकही बाहेर काढायचा. क्रँक हा इंजिनाचा कणा. पिस्टनच्या वर-खाली हालचालीतून चाकाचं गोल फिरणं होतं ते याच्यामुळं. हा क्रँक ज्या घरांत बसून फिरतो, ती मेन बेअरिंगची घरं. वरचं अर्धं घर इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतं, खालचं अर्धं म्हणजे बोल्टनं आवळायची कॅप. दोन्ही मिळून जे गोल भोक तयार होतं, ते बोअर. त्यात बेअरिंगच्या दोन अर्धगोल पात्या बसतात.

आमचा क्रँक ग्राइंडिंगला गेला. दहा थाऊ घासून आला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे दहा थाऊ जेमतेम पाव मिलिमीटर. त्या मापाच्या नव्या बेअरिंगा आल्या, इंजिन बांधलं गेलं, नारळ फुटला. बिल साठ हजारांच्या वर गेलं. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या बँकेत गेल्या. मला वाईट वाटलं नाही. संसारात हे चालतंच.

पण २०१८ च्या जानेवारीत भर हंगामात, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना, ऑइलचा काटा खाली यायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "खेप टाकून बघू." ती खेप कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. खाडखाड आवाज झाला आणि इंजिन जाम. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता, वजन घटत होतं, दुसऱ्याचा ट्रॅक्टर शोधायला रात्र गेली. इंजिन परत खोललं तर तिसऱ्या मेन बेअरिंगची पाती जागेवरून फिरली होती. पातीतलं तेलाचं भोक आणि ब्लॉकमधलं भोक एकमेकांसमोर राहिलंच नव्हतं. तेल बंद, आणि क्रँक काळानिळा.

मिस्त्री म्हणाला, "ऑइल हलकं असंल." ड्रायव्हर म्हणाला, "बेअरिंग डुप्लिकेट असंल." आमचे हे म्हणाले, "नशीब!" सासूबाई म्हणाल्या, "अमावस्येला इंजिन बांधलं, दुसरं काय होणार?"

मला पहिल्यांदाच राग आला. माझ्या पाटल्या नशिबावर गेल्या होत्या का? पुढच्या वेळी ब्लॉक नगरच्या मशीनशॉपमध्ये न्यायचा ठरला, तेव्हा मी म्हणाले, "मीही येणार." घरात सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, पण गेले.

त्या दुकानात साठी ओलांडलेले एक कारागीर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी आधी ब्लॉक रॉकेलनं धुतला आणि माप न घेताच ठेवून दिला. मी विचारलं, "मामा, आज नाही का घेणार माप?" ते म्हणाले, "वहिनी, मे महिना चाललाय. उन्हातून आणलेलं लोखंड फुगलेलं असतं. रात्रभर ब्लॉक अन् माप एकाच छताखाली राहू द्या. उद्या या." नंतर मी हिशेब समजून घेतला. ऐंशी मिलिमीटरचं लोखंडी बोअर वीस अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर ते जवळजवळ दोन शतांश मिलिमीटर मोठं होतं. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? अहो, बोअरच्या गोलाईत चालणारी सूटच साधारण तेवढी असते! आपल्या डोक्याचा एक केस सहा-सात शतांश जाड असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलाला जी जागा ठेवायची असते, ती साधारण या केसाएवढीच. दुधावरच्या सायीसारखा तेलाचा पातळ थर तिथं असतो आणि सगळा क्रँक त्या सायीवर फिरतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी बेअरिंग न घालता नुसत्या कॅपा जागेवर बसवल्या. प्रत्येक कॅपवर नंबर होता, पुढची बाजू कोणती त्याची खूण होती. "यांची अदलाबदल चालत नाही," ते म्हणाले, "ब्लॉक आणि कॅप एकत्र बोअर केलेले असतात. जोडीदार बदलला की संसार वाकडा." मग टॉर्क पान्यानं बोल्ट पुस्तकात दिल्याएवढेच आवळले. सैल कॅपचं माप खोटं येतं. कारण इंजिन चालतं ते आवळलेल्या कॅपवर, सैलवर नाही.

मग आला बोअर गेज. लांब दांडी, खाली मापाचा खटका आणि वर घड्याळासारखी तबकडी. मामांनी आधी तो मायक्रोमीटरवर लावून शून्य केला. नंतर बोअरमध्ये घालून हलकेच पुढं-मागं झुलवला. काटा एका बाजूला जातो, थांबतो आणि परत फिरतो. जिथून तो परत फिरतो, ते खरं माप. एकाच बोअरमध्ये तीन दिशांना मापं घ्यायची. एक उभं, आणि दोन उजवी-डावीकडे तिरकी. कॅपच्या जोडावर नेमकं माप घेत नाहीत, तिथं फसगत होते. शिवाय प्रत्येक दिशेला पुढच्या कडेला एक आणि मागच्या कडेला एक. म्हणजे एका बोअरची सहा मापं. आमचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याला चार मेन बेअरिंग. सहा चोक चोवीस.

मामांच्या हाताला तेल. ते म्हणाले, "वहिनी, लिहिता का?" मी पर्समधली बचत गटाची वही काढली, रेघा मारल्या आणि चोवीस आकडे लिहिले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बोअरचे आकडे जवळजवळ सारखे. तिसऱ्याचे आडवे-तिरके आकडे ठीक, उभे मात्र सहा शतांशांनी जास्त! डोळ्यांना ते भोक अगदी गोल दिसत होतं. बोट फिरवलं तरी गोल लागत होतं. पण माझ्या पाटलीवर कधी पाय पडला असेल तर तिला विचारा. जमिनीवर ठेवली तर गोल दिसते, हातात चढवायला गेलं की कळतं, ती लांबट झालीय.

आता सगळं उलगडलं. बेअरिंगच्या पात्या घरापेक्षा किंचित मोठ्या बनवलेल्या असतात. कॅप आवळली की त्या डब्याच्या घट्ट झाकणासारख्या दाबून बसतात. त्या दाबामुळंच त्या फिरत नाहीत, आणि त्यांची उष्णता ब्लॉकमध्ये निघून जाते. घरच मोठं झालेलं असेल, तर नवीकोरी, कंपनीची, महागातली पातीसुद्धा सैलच बसणार. पहिल्या वेळी आम्ही क्रँक घासला, बेअरिंग बदललं, पण ज्या घरात ते बसणार त्या घराचं माप कुणीच घेतलं नव्हतं. आणि कडी म्हणजे, तिसऱ्या पातीच्या मागं मामांना पातळ पत्र्याची पट्टी सापडली. म्हणजे बेअरिंग सैल आहे, हे कुणाच्या तरी हाताला तेव्हाच कळलं होतं! माप घेऊन दुरुस्त करण्याऐवजी मागं पत्रा सारून काम भागवलं. त्या पत्र्यानं घर गोल होत नाही, उष्णता अडते आणि तेलाची वाट बंद व्हायला हातभार लागतो. आपल्याकडं याला जुगाड म्हणतात आणि वर कौतुक करतात.

मामांनी मग सरळ पट्टी चारही बोअरमध्ये आडवी ठेवली आणि खालून फिलरची पातळ पाती सरकते का पाहिलं. चारही घरं एका रेषेत हवीत. चार बांगड्या ओळीनं उभ्या करून त्यांतून लाटणं घालायचं म्हटलं आणि एक बांगडी जरा वर असली, तर लाटणं अडणारच. शेवटी कॅपांचा जोडाचा भाग किंचित कापून, परत आवळून, चारही घरांचं एकत्र लाइन बोअरिंग केलं. घरं मूळ स्टँडर्ड मापाला आली. पुन्हा चोवीस आकडे लिहिले. यावेळी सगळे एका रांगेत. इंजिन बांधलं, आणि ते आजही ऊस ओढतंय.

माझ्या समाजकार्याची सुरुवात अंगणवाडीपासून झाली. तिथं बाळांची वजनं करायला आम्ही मदत करायचो. आया म्हणायच्या, "माझं बाळ चांगलं गुटगुटीत आहे, कशाला टांगताय त्याला काट्याला?" पण काट्यावर टांगलं, तक्त्यावर ठिपका दिला, की कळायचं की गुटगुटीत बाळ तीन महिने जागच्या जागी आहे. डोळा माया करतो, काटा करत नाही. हे मी वर्षानुवर्षं दुसऱ्या बायकांना सांगत होते आणि स्वतःच्या दारातल्या यंत्राला मात्र डोळ्यांच्या भरवशावर सोडलं होतं!

आता माझं मत सांगते. मिस्त्रींना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी मामांना विचारलं, "बाकीचे लोक मापं का घेत नाहीत?" ते हसून म्हणाले, "वहिनी, मापाचे पैसे कोण देतं? बेअरिंगचे देतील, ऑइलचे देतील. अर्धा दिवस नुसतं मापण्यात घालवला तर गिऱ्हाईक म्हणतं, काय केलं तुम्ही? आणि लाइन बोअरिंग सांगितलं तर म्हणतं, मिस्त्री लुटतोय." खरंच आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, ज्ञानाचे आणि काळजीचे देत नाही. घरात राबणाऱ्या बाईला तरी हे वेगळं सांगायला नको! शिवाय घाई आपलीच असते. पेरणी आली, हंगाम आला, "परवापर्यंत बांधून द्या" असं आपणच म्हणतो. मग मिस्त्रीही हातानं हलवून बघतो, "बसतंय" म्हणतो आणि बांधतो. म्हणून मापाची मजुरी वेगळी द्यायची तयारी आपली हवी. अर्ध्या दिवसाची मजुरी एका जाम झालेल्या क्रँकपुढं काहीच नाही.

आणि दुसरं मत जास्त महत्त्वाचं. ज्याच्या दागिन्यावर इंजिन बांधलं जातं, त्याला ते कसं बांधलं हे विचारायचा हक्क आहे. आमच्या गटातून गेल्या काही वर्षांत गाय, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना यांच्या बरोबरीनं ट्रॅक्टर आणि मोटारीच्या दुरुस्तीलाही कर्जं गेली. सही बाईची, हप्ता बाईचा, आणि वर्कशॉपमध्ये तिनं पाऊल ठेवायचं नाही? "तुला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता आपणच स्वतःला ते सांगतो.

यंत्रातलं बायकांना कळत नाही असं जगात कुठं लिहिलंय? दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं खाली सूर मारताना अचानक बंद पडायची. त्यावर १९४१ साली उपाय काढला तो बीॲट्रिस शिलिंग या बाईनं. मधोमध नेमक्या मापाचं भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती. भोक हवं तेवढंच, ना जास्त ना कमी. सगळं रहस्य त्या मापात! आणि लांब कशाला जायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. नांगर आणि शेतीची अवजारं तिथं झाली. पुढं १९४६ मध्ये पुण्यात याच उद्योगसमूहाची ऑइल इंजिनांची कंपनी निघाली आणि तिची इंजिनं महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर धडधडली. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. ज्या घराण्यानं शेतकऱ्याला इंजिन दिलं, त्यानंच त्याच्या बायकोला वाचायला मासिक दिलं. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब आहेत असं त्यांना वाटलं नाही. मग आपल्यालाच का वाटावं? आज आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. पण दहावी झालेल्या लेकीला तो फॉर्म भर म्हणणारी आई किती गावांत सापडेल?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या दारात इंजिन खोललं गेलं तर लाजू नका. हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा :

१) बेअरिंग काढून, कॅपा टॉर्क पान्यानं आवळून बोअरची मापं घेतली का?

२) प्रत्येक बोअरची तीन दिशांना आणि दोन्ही कडांना मापं आहेत का?

३) कंपनीच्या पुस्तकातलं माप काय आणि आपलं किती आलं, हे शेजारी-शेजारी लिहिलंय का?

४) चारही घरं एका रेषेत आहेत का, हे तपासलं का?

५) कुठल्या पातीच्या मागं कागद किंवा पत्रा घातलाय का? कॅप कानशीनं घासलीय का?

उत्तरं तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या, आणि तो कागद बिलाला टाचून ठेवा. पुढं पुन्हा कधी इंजिन खोललं तर तोच कागद कामाला येतो. आणि हो, प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. चांगल्या मिस्त्रीला असा प्रश्न आवडतो. त्याच्या कामाची कदर करणारं कुणीतरी भेटलं, असं त्याला वाटतं. ज्याला राग येईल, त्याच्याकडं आपली पाटली सोपवायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.

त्या दिवशी ओट्यावर आम्ही चाळीस हजारांचा निर्णय आठवडाभर पुढं ढकलला. मैत्रीण जरा हिरमुसली. पण पुढच्या बैठकीला आली ती हातात मुलाच्या वहीचं पान घेऊन. निळ्या शाईत चोवीस आकडे. "मिस्त्री आधी हसला, मग म्हणाला, बसा वहिनी, लिहून घ्या. दुसरं बोअर जरा जास्त निघालंय. लाइन बोअरिंग करावं लागंल म्हणतो, त्याचे वरचे पैसे." कर्ज वाढवून मंजूर झालं. सगळ्यांनी हात वर केले, हसणाऱ्यांनीसुद्धा.

ते पान मी तिच्या कर्जाच्या अर्जाला जोडून ठेवलंय. आता आमच्या गटात यंत्राच्या दुरुस्तीला कर्ज मागायला कुणी आलं, की बाकीच्याच विचारतात, "मापाचा कागद कुठाय?"